न दिलेले नो-बॉल

उचगावचा मृत्युंजय बुंगाट टाकायचा. बुंगाट म्हणजे किती, तर त्याचे चेंडू अडवून कीपरचे तळवे असे सुजायचे की संध्याकाळी बिचाऱ्याला भाकरी मोडता यायची नाही. ब्याण्णव-त्र्याण्णव साली उचगावशी मॅच म्हटलं की कोल्हापुरातल्या कितीतरी सलामीवीरांना नेमका त्याच दिवशी ताप भरायचा.

बाप नागाप्पा फौंड्रीत साचे भरायचा. आई गंगव्वा म्हणायची, "चेंडू टाकून कुणाचं प्वाट भरलंय का रं?" पण तिचं ऐकतो कोण! पोरगा रणजी खेळणार, हे गावानं ठरवूनच टाकलं होतं. त्यात सगळ्यात मोठा आवाज आण्णांचा. आण्णांची पिठाची गिरणी. रविवारी ती बंद ठेवून ते पांढरा कोट चढवायचे आणि गावच्या प्रत्येक मॅचला अंपायर म्हणून उभे राहायचे. मृत्युंजयनं दांडी उडवली की बोट वर करायच्या आधी हेच ओरडायचे, "आयला, बघितलं का! लिहून ठेवा, रणजी!" आता अंपायरनं असं ओरडायचं असतं का? पण उचगावात कोण विचारतंय!

त्र्याण्णव साली पुण्याला निवड चाचणीचं बोलावणं आलं. आण्णांनी पदरमोड करून खिळ्यांचे बूट घेतले, एस्टीत बसवून दिलं. गडी तयारीनं गेला आणि पहिल्याच चेंडूवर मधली दांडी उखडली. दोन्ही हात वर करून तो वळला, तर अंपायरचा हात आडवा.

नो-बॉल! आठ वर्षं तो गोलंदाजी करत होता, पण हा शब्द स्वतःच्या चेंडूला त्यानं कधी ऐकलाच नव्हता. दुसरा चेंडू, पुन्हा आडवा हात. एका षटकात पाच वेळा. निवड समितीतले एक साहेब चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "काय रे, कोल्हापुरात क्रीजची रेघ मारत नाहीत का?" सगळे हसले. मृत्युंजयच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण यादीत नाव आलं नाही ते नाहीच!

"पुण्याची माणसं हायत ती," आण्णा गिरणीत बसून म्हणाले. "आपल्या पोराला वर येऊ देत न्हाईत." गावानं माना डोलावल्या. मृत्युंजयलाही ते पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं.

पण मनात खुटखुट राहिली. एका पहाटे तो एकटाच मैदानावर गेला, चुन्याच्या फक्कीची रेघ मारली, बारा चेंडू टाकले आणि वाकून पावलांचे ठसे बघितले. बाराच्या बारा रेघेच्या पुढं, चार-चार बोटं! आणि दर रविवारी त्याच रेघेपाशी उभे असायचे ते आण्णा. 'डोळे गेलेत म्हाताऱ्याचे,' त्यानं स्वतःची समजूत घातली. 'दिवसभर पिठात बसून दुसरं काय हुणार?' ज्या माणसानं बूट घेऊन दिले, त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

मग सुरू झाली पाय मागं आणायची मारामारी. एक पाऊल मागून पळावं, तर शेवटची ढांग तेवढीच लांब पडायची. जपून पळावं, तर चेंडू मरायचा. वर्षभरात पाय रेघेच्या आत आला आणि वेग गेला. दुसऱ्या चाचणीत एकही नो-बॉल पडला नाही, पण साहेबांनी नावापुढं 'मध्यमगती' लिहिलं. तिसऱ्या वर्षी बोलावणंच आलं नाही. झालं, संपली कारकीर्द! मृत्युंजय बापाच्या फौंड्रीत चिकटला, कंपनीच्या टीममधनं खेळत राहिला, खांदा गेल्यावर तेही सुटलं.

दोन हजार एक साली त्यानं अंपायरची परीक्षा दिली. चेंडू पुढं कुठं का जाईना, याची नजर आधी पायावर. पोरं वैतागायची, शिव्या घालायची. हा ढिम्म.

दोन हजार सहाला उचगाव आणि मुरगूडची फायनल होती. "अंपायर उचगावचा असंना, पण मृत्युंजयच पायजे," असं मुरगूडवालेच म्हणाले. शेवटचा चेंडू, शेवटची जोडी, मुरगूडला दोन धावा हव्या. उचगावच्या गोलंदाजानं दांडी उडवली, गाव मैदानात धावलं, आणि मृत्युंजयचा हात आडवा! नो-बॉलच्या एका धावेनं बरोबरी झाली. पुढच्या चेंडूला मुरगूडनं एक धाव पळून कप नेला.

"गावाशी गद्दारी!" कुणीतरी बोंबललं. टोप्या, बाटल्या पडायला लागल्या. त्यातनं काठी टेकत आण्णा आले. आता हेही झापणार म्हणून मृत्युंजय खाली बघत कोटाची बटणं सोडत राहिला.

"पडला हुता पाय," आण्णा म्हणाले. "चार बोटं भाईर. मला लिंबाखालनं दिसला."

लिंब सीमारेषेपलीकडं होता. मृत्युंजयची बोटं बटणावर थांबली. "तुमाला दिसतंय तितनं?"

"न दिसायला काय धाड भरलीया माझ्या डोळ्याला?"

"मग माझा पाय?"

आण्णांनी काठी या हातातनं त्या हातात घेतली. "दिसायचा की. दर रविवारी दिसायचा. पर तू दांडी उडवलीस की समदं गाव नाचायचं, मृत्या. मीबी नाचायचो. हात आडवा कराय जमलंच न्हाई."

तेरा वर्षं म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर ढकललेला दोष आता म्हाताऱ्यानं स्वतःवर घेतला होता. मृत्युंजयनं कोट काढून मुठीत चुरगाळला.

"एकदा तरी करायचा हुता, आण्णा," तो म्हणाला. "पुण्याला जायच्या आधी, एकदा तरी."