किटलीवाल्याचा सीन

“माझो सीन खंय गेलो?”

प्रोजेक्टरच्या केबिनच्या दारात एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. रविवारचा तीनचा शो नुकताच सुटला होता. मी शेवटचं रीळ उलटं गुंडाळत होतो.

“बाहेरच्या माणसाला इथे परवानगी नाही,” मी म्हणालो.

“माका म्हायत आसा. पण माझो सीन?” मग त्याने स्वतःला सावरलं आणि मुंबईच्या मराठीवर आला. “साहेब, कोर्टाच्या बाहेर हीरो चहा प्यायला येतो ना, तो किटलीवाला मी. गोरेगावला शूटिंग झालंय. आज घरचे सगळे घेऊन आलो, जावयालासुद्धा. आणि सीनच नाय.”

तो सीन मी कापला होता.

मुलुंडच्या एका थिएटरात मी तेव्हा ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे सिनेमा दाखवणारा. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घरोघरी व्हिडिओ यायला लागले होते, तरी आमच्याकडे रविवारी हाउसफुलचा बोर्ड अजून लागायचा. आमच्या घराण्यात सगळे बँकेत किंवा शाळेत. वैद्यांचा मुलगा सिनेमाच्या केबिनमध्ये बसतो हे वडिलांनी शेवटपर्यंत नातेवाइकांना नीट सांगितलं नाही. मला मात्र ती नोकरी म्हणजे लॉटरी वाटायची. तीन आठवडे चाललेला सिनेमा, रोज चार शो. लोक आवडता सिनेमा दोनदा बघतात, मी न आवडलेला चौऱ्याऐंशी वेळा बघायचो.

साहजिकच मला मतं फार. एक वही ठेवली होती, प्रत्येक सिनेमाला शंभरपैकी मार्क. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमांवर माझा जीव. त्यात नायिका नुसती खिडकीशी उभी राहिली तरी कॅमेरामनने उजेडाचा विचार केलेला दिसायचा. नव्या सिनेमात हीरो पांढरे बूट घालून पंधरा माणसांना मारतो, आणि पंधरावा माणूस बाकीचे चौदा पडेपर्यंत शांत उभा राहतो. याला मी पस्तीसच्या वर मार्क दिले नाहीत. संथ, गंभीर सिनेमांनाही मी सोडत नसे. कोणी पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसला की वहीत लिहायचो, ‘भिंत चांगली.’

पण एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. माझी सगळी मतं केबिनच्या भिंतीतल्या एका चौकोनी भोकातून बनलेली होती. काच लावलेलं वितीएवढं भोक. कानाशी प्रोजेक्टरची घरघर, डोक्यावर पंखा, आणि सिनेमाचा आवाज कोपऱ्यातल्या डबड्या स्पीकरमधून. खाली खुर्चीत बसून मी कित्येक वर्षांत सिनेमा पाहिला नव्हता.

तर हा सिनेमा आला तेव्हा आमचे मॅनेजर कारखानीस म्हणाले, “वैद्य, पिक्चर लांब आहे. दोन शोच्या मधे हॉल झाडायला वेळ मिळत नाही. चार मिनिटं कमी कर. एक गाणं काप.”

गाणी कापणं तेव्हा सर्रास चालायचं. ब्लेडने फिल्म कापायची, सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवायचं द्रावण लावून पुढचा भाग जोडायचा, कापलेला तुकडा डब्यात ठेवायचा आणि प्रिंट परत जाताना जसाच्या तसा लावून द्यायचा. यात कोणाला पाप वाटत नसे. पण त्या सिनेमात घाटावरचं एक गाणं होतं, आणि त्या रद्दड सिनेमात तेवढं एकच मला आवडलं होतं. नदीवरचं धुकं काय टिपलं होतं! मी ते कापणार? छे. मी माझी अक्कल चालवली. कोर्टाबाहेरचा चहाचा सीन बरोबर चार मिनिटांचा. हीरो बाकावर बसतो, किटलीवाला येतो, काहीबाही बोलतो, हीरो जातो. वहीत लिहिलं, ‘चहावाला : नको.’ आणि ब्लेड लावलं.

इथवरही ठीक होतं. खरा घोळ पुढे आहे.

रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी काही फूट फालतू फिल्म जोडलेली असते. तिला लीडर म्हणतात. मशीनमध्ये फिल्म चढवताना ओढाताण होते, ती या लीडरने सोसायची आणि सिनेमा वाचवायचा. आमच्याकडे प्रिंट आली ती शहरातल्या थिएटरांत घासून निघालेली, अर्ध्या रिळांचे लीडर फाटलेले. कोरी फिल्म मागवायला हवी होती. मी म्हटलं, मागवायची कशाला, ही काय पडलीय! चहाच्या सीनचा निम्मा भाग डब्यात राहिला आणि उरलेल्या निम्म्याचे मी सोळा तुकडे करून आठ रिळांना पुढेमागे लावले. चिठ्ठी नाही, नंबर नाही. एवढा तो सीन मला टाकाऊ वाटला होता.

दारात उभ्या माणसाला मी खरं सांगून टाकलं. “सीन मी कापला.”

मला वाटलं, आता शिव्या घालणार. तो स्टुलावर बसला.

त्याचं नाव परब. राहायला नाहूरला, मूळचा मालवणकडचा. गिरणी बंद पडल्यावर गोरेगावच्या स्टुडिओत ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून जायला लागला. म्हणजे गर्दीतला माणूस. सहा वर्षं लग्नात टाळ्या वाजवल्या, कोर्टात मागच्या बाकावर बसला, हीरोच्या गाडीसाठी बाजूला झाला. या सिनेमात पहिल्यांदा तोंडी वाक्यं मिळाली होती. पाच.

“जावयाने चारकोपला इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमनची नोकरी बघितलीय,” तो म्हणाला. “बायको म्हणते घ्या. मी म्हटलं, हा पिक्चर बघ, मग तू सांगशील ते करीन. आज ती थिएटरातून उठली ती काय बोलली नाय. नुसती म्हणाली, चला. शुक्रवारी जावई विचारायला येणार.”

“आणि आमचा सिनेमा गुरुवारी उतरणार,” मी म्हणालो.

“तां म्हायत आसा माका.”

मी त्याला सोमवारी सकाळी यायला सांगितलं. माणसाने सहा वर्षं वाट पाहिलेली गोष्ट मी मशीनच्या तोंडाला बांधली होती.

सोमवारी मॅटिनीच्या आधी मी सोळाही तुकडे सोडवले. पंधराच धड निघाले. एक मशीनच्या दातांनी पार चावून टाकला होता. बाकीच्यांवर चढवताना-उतरवताना ओरखडे पडले होते, वरपासून खालपर्यंत उभ्या बारीक रेघा. आणि कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, काही पत्ता नाही. प्रत्येकात तोच बाक, तोच हीरो, तोच किटलीवाला. आवाज तर फिल्मच्या कडेला नुसत्या पट्ट्यासारखा छापलेला असतो, तो डोळ्यांनी वाचता येत नाही.

मी कपाळाला हात लावून बसलो असताना परब आला. आज शर्ट साधा होता. मी एक तुकडा बल्बसमोर धरला. त्याने डोळे बारीक केले.

“हा मधला. बघा, किटली डाव्या हातात आहे. आधी उजव्या हातात असते. पहिला ग्लास भरला की मी हात बदलतो.”

“का?”

“भरलेली किटली दिवसभर धरलीत तर तुम्ही नाय बदलणार?”

दुसरा तुकडा धरला. “हा त्याच्या आधीचा. अजून फडका खांद्यावर आहे.” तिसरा. “हा शेवटी. इथे मी हीरोकडे बघत नाय. गिऱ्हाईक रडत असलं की चहावाला दुसरीकडे बघतो. डायरेक्टरने नव्हतं सांगितलं. मीच केलं.”

दीड तास आम्ही तसे बसलो होतो. त्याला सगळं पाठ होतं. घरी बायकोची रिकामी किटली घेऊन आठ दिवस तालीम केली होती म्हणाला. मी तो सीन लीडर म्हणून दहा दिवसांत किती वेळा मशीनवर चढवला असेल, पण त्यात कोणी हात बदलतो, फडका काढतो हे मला दिसलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

सिमेंट लावून डब्यातल्या निम्म्या भागासकट सगळं जोडलं. चावलेल्या तुकड्याबरोबर पाचातलं एक वाक्य गेलं.

“कुठलं गेलं?” त्याने विचारलं.

“मशीनवर लावल्याशिवाय नाही कळणार.”

“चार तर चार,” परब म्हणाला.

मग मी खाली जाऊन कारखानीसांना सगळं सांगितलं.

“म्हणजे पुन्हा चार मिनिटं वाढली,” ते म्हणाले.

“नाही सर. त्याऐवजी गाणं कापतो.”

“मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?”

“गाणं काप.”

“मग दहा दिवस काय केलंस?”

घाटावरचं गाणं मी स्वतःच्या हाताने कापलं, आणि या वेळी चिठ्ठी लावून डब्यात ठेवलं.

आता एकच अडचण उरली होती. परबची बायको पुन्हा यायला तयार नव्हती. “एकदा फसलंय,” एवढंच म्हणत होती. मंगळवारी सकाळी मी स्वतः नाहूरला गेलो. त्यांची खोली चाळीत दुसऱ्या मजल्यावर. बाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, “वहिनी, तुमचे मिस्टर खरं बोलत होते. सीन मी कापला होता.”

त्यांनी सूप खाली ठेवलं. “बरो नव्हतो म्हणान कापल्यात?”

इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. हो म्हणावं तर परबचा निकाल तिथेच लागणार. नाही म्हणावं तर खोटं. परब आतल्या भिंतीला टेकून उभा होता.

“मला तसं वाटलं होतं,” मी म्हणालो. “पण मी नीट बघितला नव्हता. आज तीनला तुम्ही बघा. मीही खाली बसून बघतो.”

त्यांनी पुन्हा सूप उचललं. मी जिना उतरलो तो वाट लागली असं समजूनच.

तीनच्या शोला दोघं आली. जावई कामावर होता, पण मुलगीही आली होती. माझा जोडीदार सावंत याला मी मशीनवर बसवलं आणि त्यांच्या मागच्या रांगेत जाऊन बसलो. पडदा केवढा मोठा असतो, ते विसरलो होतो. घाटाची जागा आली आणि गाण्याशिवाय गेली, तेव्हा पुढून कोणीतरी ओरडलं, “ए, गाणं कुठे गेलं रे?” शिट्ट्या झाल्या. मी खुर्चीत आणखी खाली सरकलो.

मग कोर्टाचा सीन आला. हीरो बाकावर बसला. फडका खांद्यावर टाकलेला परब चालत आला आणि केवढातरी दिसायला लागला. दहा फुटांचा परब. पडद्यावर उभ्या रेघा नुसत्या कोसळत होत्या. जोड आला तिथे चित्र टचकन उडालं, एक वाक्य गायब झालं. पण त्याने हात बदलला, आणि हॉलमध्ये कोणीतरी हसलं, ओळखीचं हसू. “साहब, चाय पी लो,” परब म्हणाला. “कोर्ट कल भी खुलेगा.” मग हीरो रडायला लागला आणि परब दुसरीकडे बघायला लागला. शिट्ट्या मारणारे गप्प झाले होते. खाली बसून ऐकल्यावर ती शांतता ऐकू आली, वर केबिनमध्ये ती पंख्याच्या आवाजात हरवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चहावाल्यासाठी.

इंटरव्हल झाला. मी पुढे जाऊन उभा राहिलो. वहिनी नवऱ्याच्या शर्टाच्या बाहीकडे बघत होत्या. मग त्यांनी ती बाही चाचपली.

“पावसात उभे करून ठेवल्यानी तुमका?” त्या रागाने म्हणाल्या. “एक छत्री दिली असती तर काय बिघाडला असता तेंचा?”

परबने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. तो पाऊस माझ्या लीडरने पाडला होता, पण दोघांपैकी कोणीही तोंड उघडलं नाही.

शुक्रवारी जावई आला तेव्हा काय झालं, ते परबने पुढच्या आठवड्यात केबिनमध्ये येऊन सांगितलं. परवानगी नसताना तो आता येतच असे. वहिनींनी जावयाला चहा दिला आणि म्हणाल्या, वॉचमनचा दुसऱ्या कोणाला बघा, ह्यांका शूटिंग असता. वर परबला बजावलं, यापुढे स्टुडिओत जाताना छत्री घेऊन जायची. तो भर मार्च महिन्यात छत्री घेऊन गोरेगावला जायचा. पुढे त्याला पोस्टमन मिळाला, मग लिफ्टमन, मग एकदा तर तीन सीनचा हेडमास्तर. तो प्रत्येक सिनेमा आमच्याकडे लागला नाही, पण जो लागला तो मी खाली बसून पाहिला.

“खरं सांगा वैद्य,” त्याने एकदा विचारलं, “किटलीवाला कसा झाला होता?”

“शेवटच्या वाक्याला जरा घाई केलीत,” मी म्हणालो.

“ती घाई माझी नाय, जोडाची हो,” तो म्हणाला.

वही अजून माझ्याकडे आहे. त्या सिनेमाला मी तेव्हा अठ्ठावीस मार्क दिले होते आणि ते मी वाढवलेले नाहीत. सिनेमा रद्दडच होता. फक्त ‘चहावाला : नको’ यावर काट मारून पुढे लिहिलं आहे, ‘लीडरसाठी कोरी फिल्म मागवणे.’