खालचा आवाज

आमचं गाव पेनसिल्व्हेनियात, पाटीच्या दगडाच्या खाणींभोवती. वेल्समधून आलेल्या खाणकामगारांनी वसवलेलं. खाणींत आता पाणी साचलंय. घरांवर मात्र त्याच दगडाची काळी छपरं आहेत आणि थडग्यांवर वेल्श अक्षरं. ती भाषा येणारी गावात एकच व्यक्ती उरली होती, आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई. माझी डॉक्टरकी सुटली तरी मी त्यांचं ब्लडप्रेशर बघायला जायचो. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. पुढे त्याही त्या हाकेला ओ देऊ लागल्या.

दरवर्षी पानगळीच्या दिवसांत इथल्या चर्चमध्ये वेल्श स्तोत्रं गातात. गाणाऱ्यांना अर्थ कळत नाही, पण चार गटांनी चार चाली एकाच वेळी गायच्या, हा नियम कडक. मागच्या वर्षी खालच्या आवाजाच्या, म्हणजे खर्जाच्या गटातला शेवटचा म्हातारा मुलाकडे टेक्ससला गेला. गाणं बसवणाऱ्या बाई कार्यक्रम कॅन्सल करायला निघाल्या. काकूंच्या हाती पुढचं वर्ष नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. "एकदा चारही आवाज ऐकायचेत," एवढंच त्या म्हणाल्या. माझा आवाज घोगरा. त्या म्हाताऱ्याच्या जागी गायला मी हो म्हणून बसलो.

शब्द देवनागरीत लिहून घेतले. घोटाळा वेगळाच झाला. आपली आरती म्हणजे सगळ्यांची एकच चाल. शेजारचा चढला की आपणही चढायचं. तालमीत दर कडव्याला मी बायकांच्या चालीवर जायचो. बाई वैतागल्या.

"डॉक्टर, त्यांना मदत करू नका. तुम्ही तुमचं गा."

सगळे एकीकडे जात असताना आपलंच धरून बसायचं, हे मला उद्धटपणाचं वाटे. तसं मी घरी बोललो, तर बायको म्हणाली, "घरी तर छान जमतं की तुम्हाला!"

कार्यक्रमाला काकू व्हीलचेअरवर, पहिल्या रांगेत होत्या. मी बुटांकडे बघत गायलो आणि शेवटपर्यंत माझी चाल सोडली नाही. मला भारी आनंद झाला.

नंतर काकूंनी माझा हात धरला आणि त्या वेल्शमध्ये बरंच काही बोलल्या. हसल्या, मध्येच त्यांचे डोळे भरले. इंग्रजीत सांगा म्हटलं, तर पुन्हा वेल्शमध्येच बोलल्या, जरा सावकाश.

त्याच नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी काकू गेल्या. त्या काय म्हणाल्या, ते विचारायला गावात दुसरं कुणी नव्हतं.