डाळमिलमधली हातांची बोली

तुरीच्या भुश्याचा वास आला की अकोल्यातल्या माझ्या डाळमिलमधला तो दिवस आठवते. एका संस्थेची बाई दोन बहिऱ्या पोरींले कामावर ठेवा म्हणे. मी म्हटलं, "मशीनमंदी हात गेला तं?" ती माझ्या कानाशी ओरडली, "काका, या आवाजात तुमाले तरी काय ऐकू येते?" चार दिवस पाहू म्हणून ठेवल्या. तिसऱ्याच दिवशी हमालाचा दुपट्टा मशीनच्या पट्ट्यात अडकला. आमी नुसते बोंबलून राहिलो. एका पोरीनं दुरून हात हलवला, अन् बटनाजवळच्या दुसरीनं मशीन बंद केली. आता साऱ्या मिलीले ती हातांची बोली येते. त्याच भरवशावर मी दुसरी मशीन टाकली. पण मी दिसलो की त्या कोणती खूण करून हसतात, ते विचारायचा कमीपणा अजून घेतला नाही. खांबाआडून पाहून तिचा अर्थ लावून राहिलो.