रेणुकाच्या टोपीतला आलेख

मी लातूरला नीटच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. चकवा, अंगात येणं, बाहेरची बाधा... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी विषय बदलतो. यावरून घरात भांडणंही झाली आहेत. म्हणून हे लिहायला बसलोय याचं माझं मलाच नवल वाटतंय. पण डोक्यातून जातच नाही. जेवताना, गाडी चालवताना, फळ्यावर मज्जापेशी काढताना मध्येच आठवतं आणि हात थांबतो.

माझी जुनी विद्यार्थिनी अमृता बंगळूरला मेंदूवर संशोधन करते. गेल्या हिवाळ्यात ती आमच्या क्लासमध्ये काही टोप्या घेऊन आली. पूर्वी ईईजी म्हटलं की डोक्याला चिकट जेल आणि वायरींचं जंजाळ असायचं. या टोप्या कोरड्या, बिनवायरच्या. मूल टोपी घालून खुशाल वर्गात बसतं आणि त्याच्या मेंदूतल्या लहरी लॅपटॉपवर उमटत राहतात. मुलं एकच गोष्ट मन लावून ऐकत असली की त्यांच्या लहरी थोड्याफार एका चालीत येतात, हे आता बऱ्याच ठिकाणी दिसलंय. अमृताला ते इथल्या मुलांमध्ये पाहायचं होतं. पालकांच्या परवानग्या घेतल्या आणि काम सुरू झालं.

शिकवताना सगळं अपेक्षेप्रमाणे दिसलं. मग ती मुलांना म्हणायची, “आता डोळे मिटा, काही ऐकू नका, नुसते बसा.” अशा वेळी प्रत्येकाच्या लहरी आपापल्या वाटेनं जायला हव्यात. तशा जात होत्या... दोन मुली सोडून.

रेणुका नायगावकडची, सकाळच्या बॅचची. सानिका औशाजवळच्या खेड्यातली, दुपारच्या बॅचची. एकमेकींची ओळखही नव्हती, या प्रयोगापुरत्याच त्या एका खोलीत आल्या होत्या. पण दोघींचे आलेख असे चालायचे, की जणू एक पुढे आणि दुसरी तिच्या पावलावर पाऊल टाकत मागे. पुढे सानिका, मागे रेणुका.

“टोप्यांचे सिग्नल एकमेकांत मिसळत असणार,” अमृता म्हणाली. तिनं टोप्या बदलल्या. मुलींना वेगळ्या खोल्यांत बसवलं. तरी तेच.

मग तिनं शेजारच्या डाळमिलवर बोट ठेवलं. “सर, मिल चालू असली की इमारत थरथरत असेल. तेच येत असेल आलेखात.”

मी खाली पाहिलं. भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो, गाव किल्लारीपासून फार लांब नव्हतं. तेव्हापासून जमीन जराशी हलली तरी माझ्या तळपायाला आधी कळतं. ट्रक गेला तरी मी उठून उभा राहतो, मुलं हसतात. त्या दुपारी फरशी स्थिर होती.

“जमीन नाही हलत, अमृता,” मी म्हणालो.

“मग असेल दुसरं काहीतरी. आर्टिफॅक्ट असतात, सर, यंत्रातून येणारे खोटे सिग्नल.” पण ती पेन्सिलचं टोक चावत होती.

दोन-तीन दिवसांनी रेणुका एकटीच वरच्या खोलीत टोपी घालून बसली होती. सानिका तिचं काम आटोपून समोरच्या होस्टेलवर गेली होती, तिची टोपी टेबलावर पडली होती. रेणुका अमृताला तिच्या आईच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीबद्दल सांगत होती. ऐकता ऐकता अमृताची नजर लॅपटॉपवर गेली आणि चेहरा उतरला.

“रेणुका, काही होतंय का तुला?”

“न्हाई मॅडम. का?”

“चक्कर? हातात मुंग्या?”

“बरी हाय की मी. भूक तेवढी लागून राहिली.”

मी लॅपटॉपकडे गेलो. पडद्यावर उंचच उंच टोकदार काटे, एकामागून एक, सगळ्या रेघांवर. अमृतानं आवाज खाली आणला. “सर, फिट आलेल्या माणसाचा आलेख असा असतो. असं डोकं असताना कुणी बोलू शकत नाही.”

आणि रेणुका आमच्याकडे बघून हसत होती.

का कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, “सानिका कुठंय?”

“तिचा काय संबंध, सर?”

उत्तर द्यायला मी थांबलो नाही. जिना उतरलो, रस्ता ओलांडला, रेक्टरबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, सानिका कपडे धुवायला बाथरूममध्ये गेलीय. दार वाजवलं. आतून नळाचा आवाज, बाकी काही नाही. रेक्टरबाईंनी आणि मी खांदा लावला तेव्हा कडी निघाली. पोरगी पालथी पडली होती. मोरीच्या जाळीवर कपडा अडकून पाणी तुंबलं होतं आणि तिचा चेहरा त्या पाण्यात होता. अंग अजून झटके देत होतं.

कुशीवर वळवलं. तोंडातून पाणी आलं, मग श्वास आला. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी तिचे वडील गावाहून आले. माझा हात धरून म्हणाले, “सर, लेकरू वाचलं माझं. पण तुमाला कळलं कसं? दार तर आतून बंद होतं म्हणतेत सगळे.”

“कळलं वेळेवर...” म्हणत मी त्यांना सानिकाच्या खाटेकडे घेऊन गेलो.

सानिकाला अपस्मार निघाला, आधी कुणाला पत्ताच नव्हता. आता गोळ्या चालू आहेत, बरी आहे. रेणुकालाही आम्ही तपासून घेतलं. तिचा मेंदू अगदी ठणठणीत. अमृतानं दवाखान्यात काढलेला सानिकाचा आलेख आणि त्या दुपारचा रेणुकाचा आलेख, दोन्ही नावं झाकून मेंदूच्या डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, “एकाच पेशंटचे आहेत ना हे?”

अमृतानं आपल्या लेखात यातलं काही घातलं नाही. “लिहिलं तर म्हणतील, टोपी बिघडली होती,” ती फोनवर म्हणाली. “मीही स्वतःला तेच सांगते.” टोपी तिनं पुन्हा पुन्हा तपासली होती. टोपीत काही दोष नव्हता.

त्यानंतर दोघी मुलींच्या लहरी कधीच जुळल्या नाहीत. त्यांची ओळख करून दिली, चहा पाजला. सानिकानं “थँक्यू” म्हटलं. रेणुका म्हणाली, “मी काहीच केलं न्हाई.”

परीक्षा झाल्यावर रेणुका निरोप घ्यायला आली. पाया पडली आणि दारातच घुटमळली.

“सर, मॅडमनी मला तो आलेख दाखवला. तो सानिकाचा हाय ना?”

“तसं दिसतंय खरं...”

“मग त्या वेळी माझा कुठं होता?”

मी वर्षानुवर्षं मेंदू शिकवतोय. कुठलाही प्रश्न आला तरी निदान कुठल्या धड्यात बघायचं ते सांगू शकतो. रेणुकाला मी म्हणालो, “बघून सांगतो.” ती नांदेडच्या गाडीला गेली. मी अजून बघतोय... वाचतोय, विचारतोय. अजून तिला फोन केलेला नाही.