चोरीला न गेलेली फुलं

जनकाबाई जाधवांना फुलं तोडणाऱ्यांचा भारी राग. निदान तसं त्या दाखवायच्या, आणि गल्लीला तो राग तोंडपाठ होता. समोरच्या कौशल्याबाई भल्या पहाटे पिशवी घेऊन जनकाबाईंच्या कंपाउंडशी यायच्या, टाचा उंच करून जास्वंदीची फांदी ओढायच्या, की आतून आवाज यायचाच.

"उलिसे तं झाडावर राहू देत जा हो कौशल्याबाई!"

"देवालेच नेऊन राह्यली न वयनी, घरी भाजी थोडीच करतो?"

"तुमच्या देवाले लागते तरी किती?"

"जेवढे देसान तेवढे!"

एवढं भांडण आटोपलं की दोघींचा दिवस सुरू व्हायचा. जनकाबाईंचे यजमान देवानंद, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, दाढी करता करता म्हणायचे, "फुलं चोरनारे नसते तं तुयं कसं झालं असतं वं?"

खरी गंमत म्हणजे बुलढाण्यातल्या त्या कॉलनीत जनकाबाईंच्या झाडांचं अख्खं वर्ष चालायचं ते गल्लीच्या देवांच्या सोयीनं. थंडीत मोगऱ्याचं पाणी तोडायचं, पानं ओरबाडून काढायची, संक्रांत झाली की छाटून शेणखत घालायचं; का, तर चैत्रातल्या हळदीकुंकवाला सगळ्यांच्या वेण्यांत गजरे हवेत. उन्हाळ्यात दिवाणखान्यातल्या लिलीची कुंडी खिडकीपासून आत सरकवायची, जास्वंदीवर पांढरा चिकटा पडला की साबणाच्या पाण्यानं फांदी न् फांदी पुसायची. जास्वंदीला फूल येतं नव्या फुटीवर, म्हणून आषाढात ती छाटायची. छाटणी वेळेत झाली तर ऐन गणपतीत झाड लालेलाल. पावसाळाभर शेवंतीचे शेंडे खुडायचे, म्हणजे मार्गशीर्षातल्या गुरुवारांना ती पुरते. आणि जनकाबाईंच्या स्वतःच्या घरात ना गणपती बसायचा, ना गुरुवारची मांडणी व्हायची. आतल्या खोलीत बुद्धमूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता. वैशाख पौर्णिमेला तिथं मोगरा जायचा, गल्लीचे गजरे होऊन उरेल तेवढा. यावरून त्यांची लेक दीपमाला आईशी कडाकडा भांडायची. जनकाबाई ते हसण्यावारी न्यायच्या.

आतली खोली म्हणजे अगदी आतली. लपवलं असं नाही, पण सांगितलंही नाही. जाधव हे आडनाव कुठल्याही पंगतीत खपून जाणारं. "विचारतीन तं सांगू," देवानंद म्हणायचे. पण गल्ली पडली सभ्य लोकांची. तोंडावर जात विचारणं त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हतं; आपल्या सोयीचं काहीतरी धरून चालणं मात्र बरोबर बसत होतं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं.

मग माघात देवानंद गेले. हार्ट अटॅक आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव पडला. मेहकरहून जनकाबाईंच्या माहेरची माणसं आली, चीवर पांघरलेले भंतेजी आले, आतल्या खोलीतला फोटो आणि मूर्ती बाहेर टेबलावर मांडली गेली आणि त्रिसरण-पंचशील सुरू झालं. गल्ली आली, हात जोडून बसली, कार्यक्रम छान झाला म्हणाली. जेवायची वेळ झाली तेव्हा मात्र अख्ख्या गल्लीला उपास निघाला. वार बुधवार होता. कौशल्याबाईंनी तर पाण्याचा पेलाही परत केला.

"निरंकार हाये मले आज," त्या म्हणाल्या.

जनकाबाईंना कळलं. न कळायला त्या काही कुक्कुलं बाळ नव्हत्या. पण माणूस स्वतःची समजूत घालण्यात फार हुशार असतो. चैत्रात मोगरा झाडावरच वाळला, गजऱ्यासाठी कुणी फिरकलं नाही, तर त्या म्हणाल्या, दुखवट्याच्या घरचं फूल आहे, कसं नेतील बिचाऱ्या? गल्लीची बाजू घेऊन त्या स्वतःशीच वाद घालत राहिल्या, आणि जिंकत राहिल्या.

आषाढात त्यांनी कात्री काढली. अकोल्याहून दीपमालाचा फोन आला.

"आई, कोनासाठी छाटतं ते झाड?"

"झाडासाठी छाटतो. नाई तं वाया जाते ते."

हे साफ खोटं होतं. छाटणी कौशल्याबाईंसाठी होती. एवढी वर्षं पाहिलेली बाई, जास्वंदीशिवाय तिचा गणपती बसतच नाही; ती येईल, फांदी ओढेल, आपण ओरडू, ती उलटून बोलेल. एवढं एकदा झालं की बाकीचं सगळं गिळायला जनकाबाई तयार होत्या. तो बुधवारही, आणि तो पाण्याचा पेलाही.

झाडानं आपलं काम चोख केलं. चतुर्थीच्या पहाटे फांद्या फुलांच्या भारानं भिंतीवरून बाहेर ओणवल्या होत्या. जनकाबाई दाराआड कान देऊन उभ्या राहिल्या. समोरचं फाटक वाजलं. कौशल्याबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या, आणि रस्ता न ओलांडता सरळ चौकाकडे निघून गेल्या. परत आल्या तेव्हा पिशवीतून विकतची जास्वंद डोकावत होती, पाणी मारून मारून मरगळलेली.

दुसऱ्या दिवशी जनकाबाईंनी अभिमान गिळला. ताटभर ताजी फुलं तोडली आणि स्वतःच रस्ता ओलांडून गेल्या.

"घ्या. देवाले."

"अवो, काऊन तरास घेतला वयनी?" कौशल्याबाई गोड हसल्या. हात मात्र पदरातून बाहेर आले नाहीत. "ठेवा तिथं पायरीवर. मी घेतो मंग."

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. संध्याकाळी ती सगळी पायरीवरच मिटून पडली होती. ताट जनकाबाईंनी स्वतःच जाऊन परत आणलं.

त्यानंतर रोज सकाळी त्या फुलांचा लाल सडा झाडून उकिरड्यावर टाकू लागल्या. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, काय फुललंय हो झाड! हे ऐकलं की त्यांच्या अंगाची आग व्हायची. आयुष्यभर चोरांच्या नावानं ओरडून घसा सुकवला, आणि आता एका पाकळीची चोरी होत नव्हती.

विसर्जनाच्या आदल्या सकाळी त्या झाडायला बाहेर आल्या आणि जागीच थबकल्या. भिंतीबाहेरच्या खालच्या फांद्या साफ ओरबाडलेल्या होत्या. एक फूल शिल्लक नव्हतं. आली! शेवटी आलीच बाई! हातातला झाडू टाकून त्या अनवाणी फाटकाबाहेर धावल्या. ओरडायला तोंड उघडलं होतं, आणि डोळे आधीच भरून आले होते.

भिंतीच्या कोपऱ्याशी एक शेळी उभी होती. गळ्यात तुटकं दावं, ओठाबाहेर लाल पाकळी. समोर कौशल्याबाई आपल्या अंगणात रांगोळी टाकता टाकता उठून पाहत होत्या.

"हाकला न तिले वयनी!" त्या कळवळून ओरडल्या. "सारं झाड खाऊन टाकीन थे!"

झाडाचा कळवळा होता त्यांना, तो खोटा नव्हता.

जनकाबाईंनी वरची भरगच्च फांदी दोन्ही हातांनी धरली आणि वाकवून शेळीच्या तोंडाशी आणली.

"खाय माय," त्या समोर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पोटभर खाय. आमी कोन आहो, थे तुले अजून कोनी सांगतलं नाई वाटते."