मोठ्या वयनीची राखण

उभ्या पालघर तालुक्यात राखण करावी ती माज्या धाकट्या दिरानंच. चोरण्यासारखं काय हाय का नाय, हे ते कदी बगत नाय. राखायला हाय ना, मंग झालं. मी लग्न होऊन माकुणसारला आले तवा ते चड्डीतलं पोर होते, शेतातल्या माळ्यावर बसून भातावरची पाखरं हाकत होते. नवी नवरी बगून पोरं लाजतात. हे वरून ओरडले, "मोठी वयनी, बांधावरनं चाल, भात तुडवशील!" मला आईबापानं दिलेलं चांगलं नाव होतं, सासरचं पण एक होतं. दोन्ही गेली. त्या दिवसापासून गावाला मी मोठी वयनी, ती आजतागायत.

पाखरं हाकायचं वय सरलं तसे ते बोईसरला एका कंपनीच्या गेटावर वॉचमन लागले. कुंभवलीत खोली घेतली आणि सगळा जन्म गेटावर उबे राह्यले. रिटायर होऊन गावात परत आले तवा कंपनीनं शाल दिली, नारळ दिला. शिटी त्यांनी आपली आपणच ठेवून घेतली. सगळ्यांच्या पिशव्या तपासणारा माणूस, त्याची पिशवी तपासायला कोण होतं? गेट सुटलं, सवय काय सुटली नाय. घरी पावणा आला की येताना हसून या म्हणतील, जाताना त्याची पिशवी चाचपतील. माज्या पुतणीचं, म्हंजे त्यांच्याच पोरीचं, लग्न ठरलं तवा व्याह्यांच्या पिशवीत नारळ निघाला. भावोजी म्हणाले, "हा आत येताना नव्हता." व्याही बिचारे घामाघूम. "अवो, तुमच्याच मोठ्या वयनीनं दिला." "दिला असंल. वयनी, येऊन सांगा, तवर व्याही हितंच थांबतील." मी चुलीवरचा रस्सा तसाच टाकून धावले. लग्न मोडलं नाय हे त्या पोरीचं नशीब.

आता मसाल्याचं सांगते. माजा नवरा लवकर गेला, पदरात एक पोर. डोक्यावर भाजीची टोपली घेऊन सफाळ्याला जायचे, भाजी नसली की लोकांच्या मिरच्या कुटायचे. हात जळायचे, गार पाण्यात बुडवायचे, परत मुसळ धरायचे. रडून मिरची गोड होत नाय. पोरगा मोठा झाला, सून शिकलेली आली. तिनं मिरच्या कुटायचं मशीन, डंक, घेतला, गावातल्या पाचसहा बाया जमवल्या, आणि मसाल्याच्या पाकिटावर माजा फोटो छापला. वर नाव, मोठी वयनी मसाला. सरकारदरबारी नाव नोंदवलं. मोबाईलवर विकायला लागली. मी म्हटलं, माज्या थोबाडाला बगून कोण घेणार? पण घेतला लोकांनी.

मंग गेल्या साली बोईसरची एक बिहारी बाई पाकीट घेऊन दारात आली. "अम्मा, इसमें तो खाली रंग है, मसाला किधर है?" मी पाकीट बगितलं. नाव आमचं, फोटो माजा. पण मला गोरी केली होती आणि नाकात नथ घातली होती. जन्मात मी नथ घातली नाय, तेवढं सोनंच कदी आलं नाय घरात. चोरट्यानं फुकटात घातली. जाऊ, भावोजींची बायको, म्हणाली, "आक्का, पण दिसता बरं का छान." तिला हसू येत होतं, सुनेला रडू. मोबाईलवर ती नथवाली आमच्या वर दिसायची, आमच्यापेक्षा स्वस्त, आणि शिव्या पडायच्या आमच्या नावाला. वर्षाचा मसाला लोक उन्हाळ्यातच भरतात. तेवढा मोसम गेला तर डंक बंद, आणि माज्या बाया परत कंत्राटदाराच्या टेम्पोत कोंबून कंपनीत जाणार. गोष्ट एवढीच होती.

सुनेनं मुंबईचं एक हापिस गाठलं. असली खोटी दुकानं मोबाईलवर शोधून बंद करायचं काम ते करतात. तिथली मॅडम फोनवर दिसायला लागली. म्हणाली, "आधी तुमच्या टीमची जागा तयार करू. कोण मुख्य, कोण मंजुरी देणार, कोण फक्त बघणार, ते सांगा." हे ऐकलं आणि भावोजी उठून उबे राह्यले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर बगते तर टेबल, खुर्ची, पाण्याचा माठ, भिंतीवर खडूनं 'परवानगीशिवाय प्रवेश नाही', आणि शिटी खिळ्याला. मॅडमनी ते फोनवर बगितलं. "काका, जागा ऑनलाइन असते. टेबलाची गरज नाही." भावोजी म्हणाले, "मॅडम, टेबल नाय तर चोराला कळणार कसं की हितं कोण बसलंय?"

मुख्य कोण, तर ते. मंजुरी कोण देणार, तर ते. आमचं पॅकेज सगळ्यात स्वस्तातलं, त्यात मंजुरीचा हक्क एकालाच होता, तो त्यांनी आपल्या नावावर घातला. सुनेला आत यायची मुभा दिली, ती पण डंकावरनं हात धुऊन आली तर. आणि मी? "वयनी, तुमचा व्हिजिटर पास. फक्त बगायचं. कुठं हात लावायचा नाय." माजंच नाव, माजंच तोंड, आणि मी व्हिजिटर!

मॅडम रोज फसव्यांची यादी पाठवायची. पुढं लिहिलेलं असायचं, जास्त धोका, मध्यम धोका, कमी धोका. भावोजींना ते पटलं नाय. "धोका राहू द्या. जनावर कोणतं ते सांगा." मंग त्यांनी आपली वाटणी केली. आमचं नाव सांगून शेजारीपाजारी चार पाकिटं विकणारी ती पाखरं. त्यांना हाकायचं, मारायचं नाय. दुसऱ्याच्या मालाला माजा फोटो चिकटवणारे दुकानदार ती माकडं, त्यांना दगड. आणि नथवाली, ती डुक्कर. डुक्कर शेतात शिरलं की सगळं शेत आडवं करतं, त्याला गाव उठवावा लागतो. मॅडम काकुळतीला आली. "काका, सिस्टीममध्ये डुक्कर कसं घालू?" "टाइप करून."

सफाळ्याची एक बाई पाखरू निघाली. भावोजींनी तिला फोन केला, आदी कानात शिटी मारली, मंग बोलले, "मोठ्या वयनीच्या शेतात शिरलीस तू!" ती रडायला लागली. तिचा नवरा पण नव्हता. भावोजी गडबडले. "रडू नको, बाय. खाल्लंस ते खाल्लंस. आता मोबाईलवरनं आमचं नाव पूस तेवढं." आणि संध्याकाळी मलाच तिच्याकडं किलोभर मसाला घेऊन पाठवलं. चोराच्या घरी मालकिणीनं भेट नेलेली मी तरी दुसरीकडं बगितली नाय.

पाखरं गेली, माकडं पण बरीच पळाली. डुक्कर मात्र तिथंच. ऐन वैशाख लागला आणि मॅडमचा फोन आला. "हे मोठं प्रकरण आहे. ज्यांचा चेहरा वापरलाय त्या आजींच्याच नावाने मंजुरी यायला हवी. काका, तुमचा हक्क त्यांच्याकडे द्या, बाकी मी करते." भावोजींनी फोन टेबलावर पालथा ठेवला. हक्क त्या दिवशी दिला नाय, दुसऱ्या दिवशी पण नाय. सून चिडली. "आई, काकांना सांगा. मिरच्यांची पोती पडून आहेत. बायांना कामावर या म्हणू का नको म्हणू?" जाऊ म्हणाली, "जेवत पण नाय धड. काय झालंय त्यांना देव जाणे."

मी जाऊन ओटीवर बसले. म्हटलं, "भावोजी, डुक्कर खातंय."

"म्हाईत हाय."

"मंग देत का नाय? मी काय तुमची खुर्ची पळवतेय?"

ते म्हणाले, "वयनी, गेटावर कायदा असतो. रिलीवर, म्हंजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याबिगर गेट सोडायचं नाय. तो येणार, समोर उबा राहणार, चार्ज घेतला म्हणणार, मंगच आपण घरी. पावसात, तापात, पोरगी जन्मली तवा पण मी थांबलो. शेवटच्या दिवशी शिफ्ट संपली, मी उबा. अंधार पडत आला तरी कोण येईना. मंग आतून एक साहेब गाडीतनं निघाला, काच खाली करून म्हणाला, अरे तुम अभी तक? अब कॅमेरा लगा है, घर जाओ." त्यांनी वर बोट केलं, जसा काय आमच्या वाशाला कॅमेरा हाय. "त्याला मी चार्ज कसा देणार? कोणी घेतलाच नाय, वयनी. मी तसाच आलो."

मी आयुष्यात खूप ऐकलंय. बाप्या माणूस असा बोलला की बाईनं डोळे पुसू नये, तो लाजतो. मी उठले, पदर खोचला, टेबलासमोर सरळ उबी राह्यले. म्हटलं, "रिलीवर आलीय. द्या चार्ज."

ते बगतच राह्यले. मंग उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं. "डुक्कर एक, चालू. माकडं तीन, दोन दमलेली. पाखरं शांत. माठ भरलेला." खिळ्यावरची शिटी काढून माज्या हातात दिली. सुनेला हाक मारून मोबाईलवर काय ते करायला सांगितलं. मी म्हटलं, "चार्ज घेतला, भावोजी. जावा घरी." त्यांनी सलाम ठोकला. मला, मिरच्या कुटणारीला! आणि मी त्या बटणावर बोट दाबलं. त्या बोटाला मसाल्याचा रंग होता, काच लाल झाली.

चारपाच दिवसात नथवाली गेली. थोडी चुटपुट लागली खरी, बरी दिसत होते मी. मोसम अर्दा हातात राह्यला, पण डंक चालू झाला, बाया आल्या. त्यांच्यात सफाळ्याचं ते पाखरू पण होतं.

भावोजी आता दिवसपाळी करतात. डुक्कर काय एकच नसतं, नवी येतातच. मंजुरीची वेळ आली की मला हाक येते. रोज दिवे लागले की मी हात धुते, ओटीवर जाते, टेबलासमोर उबी राहते. मला त्या मोबाईलमदलं निम्मं कळत नाय, संध्याकाळनंतर तिथं काय काम पण नसतं. तरी मी जाते. उशीर केला तर ते उबेच राहतात, बसत नाय. मी म्हणते, "चार्ज घेतला, भावोजी. जावा घरी." ते पाखरं किती, माकडं किती सांगतात, शिटी देतात, सलाम करतात आणि घरी जातात. त्यांचं घर म्हंजे माज्याच भिंतीपलीकडं. जाऊ भाकरी थापत असते. पण जाताना चाल बगावी त्यांची, शिफ्ट संपलेल्या माणसासारखी.