परत न्यायची तारीख

सरोजाअक्का गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा त्यांची मांजर राणी माझ्या पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या माथ्यावर बसली होती आणि मी खाली उभा राहून तिला जेवायला बोलावत होतो. फोन ठेवला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बातमी तिला माझ्या आधीच कळली होती, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत आलोय. माझ्या बोलण्यातलं निम्मं लोक वजा करतात. हेही खुशाल करा.

अक्कांची ओळख झाली ती मी इकडे तमिळ मुलखात येऊन गिंडीच्या कारखान्यात नवा लागलो तेव्हा. लग्नाला सांगलीला जायचं होतं आणि गळ्यात एक बोका होता. मांजर सांभाळायला ठेवायचंय म्हटलं की त्या काळी लोक मलाच डॉक्टरकडे न्यावं अशा नजरेनं बघत. मासळीबाजारात सोड, तुझ्यापेक्षा बरा जेवेल, असं शेजाऱ्यानं सुचवलं. मग कुणीतरी अड्यारचं घर सांगितलं. दार उघडलं ते तंजावरच्या मराठी बाईंनी. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात काढलेली त्यांची मराठी अशी, की बखरीतलं एखादं पान चष्मा लावून दारात उभं राहिलंय असं वाटावं. स्थळ आल्यासारखी त्यांनी बोक्याची चौकशी केली आणि शेवटी परत न्यायची तारीख विचारली. तारीख नाही, तर मांजर नाही. लोक ‘येतो’ म्हणून जातात नि येत नाहीत, हा त्यांचा अनुभव.

अड्यारची निम्मी मांजरं त्यांच्या हाताखालून गेली. उरलेली निम्मी वेटिंगवर होती. घर शुद्ध शाकाहारी. पाहुण्यांना दहीभात, आणि परसातल्या वेगळ्या शेगडीवर नेत्तिली, म्हणजे बोटाएवढे मासे. नाकाला पदर लावून अक्का ते शिजवत. तो वास सुटला की नदीवरचे बगळे रांगेनं वळून येत, मी पाहिलंय. पुढे एका साथीत त्यांच्याकडची तीन पिल्लं उलट्या होऊन गेली... त्यानंतर लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय त्यांनी एकही मांजर उंबरा ओलांडू दिलं नाही. मग आयटीतली पोरं आली. त्यांची मांजरं खिडकीवाल्या बॅगेतून येत, स्वतःची वाळू नि स्वतःचं खाणं घेऊन. अक्कांनी मांजरांच्या खोलीला एसी बसवला. स्वतःच्या खोलीत पंखाच राहिला. कॅमेरा मात्र लावला नाही. एवढं पाहावंसं वाटतं तर लवकर ये, म्हणायच्या.

राणीला असंच एक जोडपं तारीख सांगून ठेवून गेलं होतं. त्या तारखेला अक्कांनी तिला पुसून-विंचरून दारात बसवलं. कुणी आलं नाही. राणीनं अन्न सोडलं, आणि अक्कांनी तिला बोटानं भरवून परत माणसात आणलं.

यंदा अक्कांचा आजार वाढला. मुलगा उपचारांना बेंगळुरूला न्यायला आला, आणि निघण्याआधी त्या रिक्षानं राणीला टोपलीत घेऊन माझ्याकडे आल्या. बाल्कनीची जाळी ओढून पाहिली, सोफ्याखाली वाकून पाहिलं, बायकोला ऊन कुठल्या खिडकीत येतं ते विचारलं. मग दमून बसल्या. मी सवयीनं चेष्टा केली, “अक्का, परत न्यायची तारीख सांगा. तारीख नाही, तर मांजर नाही.”

त्या हसल्या नाहीत. टोपलीकडे पाहत राहिल्या...

“तूं खोटं बहु बोलतोस,” त्या म्हणाल्या. “एक तारीख तूंच सांग.”

“पोंगलच्या दुसऱ्या दिवशी.”

“सरि,” म्हणाल्या आणि उठल्या. बरं, ठरलं, अशा अर्थानं.

अंगावरून उतरवलेली एक साडी त्यांनी न धुता टोपलीत घातली होती. राणीनं तिच्यावर निजावं म्हणून. बेंगळुरूहून फोन यायचा, तो फक्त राणी जेवली का एवढं विचारायला. मी सांगायचो, स्वतःचं संपवून माझ्या ताटावर बसली, आता मीच उपाशी आहे. पलीकडे श्वास लागायचा, पण हसू ऐकू यायचं. खरं तर राणी डॉक्टरांच्या सिरिंजवर जगत होती.

अक्का गेल्यावर मी सगळं करून पाहिलं. महागडी पाकिटं, मांजराला शांत करणारी फवारणी, शेवटी नेत्तिलीसुद्धा. ती कपाट आणि साडी, यापलीकडे गेली नाही. आणि गेल्या आठवड्यात एका दुपारी, कुणी काही न करता, ती खाली उतरली, वाटीतलं सगळं खाल्लं आणि खुर्चीवर पडलेल्या माझ्या घामट शर्टावर जाऊन झोपली. मला आनंद व्हायला हवा होता. तिनं वाट पाहणं थांबवलं, एवढंच मला दिसलं.

बायकोनं रिकामी झालेली साडी मशीनमध्ये टाकायला उचलली. मी ती तिच्या हातातून घेतली. राणीला आता ती लागत नाही. माझ्या कपाटात, माझ्या कपड्यांखाली ठेवलीय... न धुता.